राजाचं कमिशन सोडून आझाद हिंद सेनेचे जनरल झालेले सावंतवाडीचे जगन्नाथराव भोसले कोण होते?

मुंबईत मंत्रालयाच्या समोर यशवंतराव चव्हाण सेंटर आहे. पुस्तक प्रकाशनं, चर्चासत्रं, राजकीय बैठका अशा बातम्यांमधून हे नाव तुम्ही शंभरदा ऐकलं असेल. या सेंटरचा पत्ता मात्र फार कुणी नीट वाचत नाही. तो आहे, जनरल जगन्नाथराव भोसले मार्ग, नरिमन पॉइंट.

भोसले आडनाव बघून बरेचजण हे छत्रपतींच्या घराण्यातले कुणीतरी असतील असं समजून पुढे जातात. तर हे जनरल भोसले आपल्या सिंधुदुर्गातले. सावंतवाडी तालुक्यातलं तिरोडा हे त्यांचं गाव, जन्म १९०६ चा. डेहराडून, सँडहर्स्ट, सिंगापूर आणि शेवटी दिल्लीचं मंत्रिमंडळ असा त्यांचा प्रवास झाला.

हा प्रवास समजून घ्यायचा तर एक प्रश्न विचारावा लागतो. लष्करात अधिकारी कुणी व्हायचं, हे ठरवतं कोण? भोसल्यांच्या आयुष्यात या प्रश्नाचं उत्तर तीन वेळा बदललं आणि तिन्ही वेळा ते त्या बदलाच्या मधोमध उभे होते.

सुभेदाराच्या वर जायचंच नाही

कोकणातल्या माणसाला फौज नवी नव्हती. मुंबईला गिरणीत किंवा गोदीत जाणारा चाकरमानी जितका जुना, तितकाच पलटणीत जाणारा शिपाई जुना. सावंतवाडीहून आंबोलीचा घाट चढून गेलं की पुढे बेळगाव येतं आणि बेळगावात मराठा रेजिमेंटचं केंद्र आहे. भरतीसाठी हा रस्ता पिढ्यानपिढ्या तुडवला गेलाय.

पण त्या फौजेत हिंदी माणसासाठी एक छत ठोकलेलं होतं. शिपाई, नाईक, हवालदार, जमादार, सुभेदार आणि फार तर सुभेदार मेजर. तिथे वाट संपायची. जमादार आणि सुभेदार यांना व्हाइसरॉयचं कमिशन मिळायचं, म्हणजे त्यांचा हुकूम फक्त हिंदी शिपायांवर चालायचा. तीस वर्षं नोकरी केलेला सुभेदार मेजरही कालपरवा विलायतेहून आलेल्या वीस वर्षांच्या गोऱ्या सेकंड लेफ्टनंटच्या हाताखाली असायचा.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे वडील रामजी सकपाळ फौजेत सुभेदार होते. त्यांचं मूळ गाव रत्नागिरी जिल्ह्यातलं आंबडवे. शिकलेले, लष्करी शाळेत शिकवणारे रामजी सुभेदारपदापर्यंत पोहोचले, कारण त्याच्या वर जिनाच नव्हता. पुढे तर लढाऊ जाती आणि बिगरलढाऊ जाती अशी विभागणी करून इंग्रजांनी महारांची भरतीच बंद केली. म्हणजे दारं दोन होती. एक शिपाई होण्याचं आणि दुसरं अधिकारी होण्याचं. पहिल्या दारावर जात पाहिली जायची आणि दुसऱ्या दारावर कातडीचा रंग.

पहिल्या महायुद्धात हे चित्र हललं. लाखो हिंदी सैनिक फ्रान्स आणि मेसोपोटेमियाच्या रणांगणांवर लढले, त्यातले हजारो परत आले नाहीत. त्यानंतर हिंदी माणूस अधिकारी होऊ शकत नाही असं म्हणणं इंग्रजांना जड जाऊ लागलं. १९१७ मध्ये धोरण बदललं आणि १९१८ पासून इंग्लंडमधल्या सँडहर्स्टच्या रॉयल मिलिटरी कॉलेजात हिंदी मुलांसाठी वर्षाला १० जागा ठेवल्या गेल्या.

दहा जागा. त्याही आजच्या पाकिस्तान आणि बांगलादेशासह अख्ख्या देशासाठी.

अर्ज करायचा तरी कसा?

सँडहर्स्टच्या या १० जागांचे नियम आजच्या मुलांना वाचायला दिले तर डोकं गरगरेल. अर्ज सरकारी अधिकाऱ्यांमार्फत वर जायचा. मुलगा कोण आहे याच्याइतकंच त्याचं घराणं कोण आहे, बापाने सरकारची काय सेवा केली आहे, हेही बघितलं जायचं. परीक्षा होती, मुलाखत होती आणि शेवटचा शब्द व्हाइसरॉयचा होता. निवड झालीच तर पुढे विलायतेचा प्रवास, तिथला गणवेश, तिथलं राहणं, हा सगळा खर्च घरच्यांच्या माथी.

साहजिकच संस्थानिकांची, जमीनदारांची, बड्या सरकारी नोकरांची आणि जुन्या लष्करी घराण्यांची मुलं या चाळणीतून जास्त जायची. तिथे पोहोचल्यावरही सगळं सोपं नव्हतं. इंग्रजी पब्लिक स्कूलमध्ये वाढलेल्या मुलांसोबत, त्यांच्या भाषेत, त्यांच्या टेबलावर, त्यांच्या थंडीत दीड वर्ष काढायचं होतं. सुरुवातीच्या वर्षांत बरीच हिंदी मुलं नापास होऊन किंवा मध्येच सोडून परतली.

त्यावर इंग्रजांनी उपाय काढला. मुलांना लहानपणापासूनच इंग्रजी पद्धतीने घडवायचं. १३ मार्च १९२२ रोजी डेहराडूनला प्रिन्स ऑफ वेल्स रॉयल इंडियन मिलिटरी कॉलेज सुरू झालं. नावाला कॉलेज असलं तरी ती निवासी शाळा होती आणि तिचं काम एकच होतं, सँडहर्स्टसाठी मुलं तयार करणं.

तेव्हा जगन्नाथराव पंधरा-सोळा वर्षांचे होते. त्यांचं गाव ज्या संस्थानात होतं त्या सावंतवाडीच्या राजघराण्याचं आडनावही भोसलेच. मराठा जात, भोसले आडनाव आणि संस्थानातला जन्म या गोष्टी त्या काळच्या निवडीच्या तराजूत वजनदार होत्या, हे कबूल करायलाच हवं. पण तेवढ्याने भागत नव्हतं. डेहराडूनचं शिक्षण, मग सँडहर्स्टची परीक्षा आणि मग सँडहर्स्टचं प्रशिक्षण, हे टप्पे ज्याचे त्यालाच पार करायचे होते. जगन्नाथरावांनी ते केले आणि १९२८ मध्ये त्यांना कमिशन मिळालं.

हे किंग्ज कमिशन होतं, म्हणजे थेट इंग्लंडच्या राजाच्या नावाने दिलेलं. गोऱ्या अधिकाऱ्याला मिळायचं तेच. कायद्याने त्यांचा हुकूम आता गोऱ्या शिपायावरही चालणार होता. रामजी सुभेदारांच्या पिढीला जे छत होतं, ते कोकणातल्या एका मुलापुरतं तरी फुटलं होतं.

कमिशन मिळालं, पण पोस्टिंग कुठे?

इथे इंग्रजांनी दुसरी मेख मारून ठेवली होती.

कमिशन मिळाल्यावर नव्या अधिकाऱ्याने पहिलं एक वर्ष हिंदुस्थानातल्या एखाद्या गोऱ्या बटालियनमध्ये काढायचं आणि मग हिंदी पलटणीत जायचं, हा नियम सगळ्यांना सारखाच होता. फरक पुढे होता. १९२३ मध्ये सरकारने आठ युनिटांची योजना जाहीर केली. हिंदी अधिकारी नेमायचे ते ठरवून दिलेल्या आठ युनिटांमध्येच. यात घोडदळाच्या दोन रेजिमेंट होत्या आणि पायदळ-पायोनियरच्या सहा पलटणी. भोसले ज्या मराठा लाइट इन्फन्ट्रीत गेले, तिची पाचवी पलटण या यादीत होती.

वरवर बघितलं तर ही योजना हिंदी अधिकाऱ्यांच्या सोयीची वाटते. हळूहळू अख्खी युनिटं हिंदी अधिकाऱ्यांच्या हाती जातील, असं तिचं वर्णन केलं गेलं. खरी गोम वेगळी होती. हिंदी अधिकारी वर चढत गेला तर एक दिवस गोरा अधिकारी त्याच्या हाताखाली येईल, आणि ते गोऱ्यांना नको होतं. म्हणून हिंदी अधिकाऱ्यांना आठ खोल्यांमध्ये वेगळं ठेवलं गेलं.

याविरुद्ध देशात आवाज उठला. १९२५ मध्ये नेमलेल्या स्कीन समितीने, ज्यात महंमद अली जीनाही होते, सँडहर्स्टच्या जागा वाढवा, आठ युनिटांची योजना गुंडाळा आणि १९३३ पर्यंत हिंदुस्थानातच सँडहर्स्टसारखी संस्था काढा अशा शिफारशी केल्या. जागा थोड्या वाढल्या. आठ युनिटं गुंडाळली गेली नाहीत. देशातली अकादमी मात्र झाली. १ ऑक्टोबर १९३२ रोजी डेहराडूनला इंडियन मिलिटरी अकादमीत ४० कॅडेट दाखल झाले.

या ४० जागांची वाटणी लक्षात ठेवण्यासारखी आहे. १५ जागा खुल्या स्पर्धा परीक्षेतून, १५ जागा फौजेतल्याच शिपाई-हवालदारांमधून आणि १० जागा संस्थानांच्या सैन्यासाठी. म्हणजे पहिल्यांदाच घराणं न बघता परीक्षेच्या जोरावर अधिकारी होण्याची वाट निघाली आणि साध्या शिपायालाही अधिकारी होता येऊ लागलं. पण इथून बाहेर पडणाऱ्यांचं कमिशन सँडहर्स्टवाल्यांपेक्षा खालच्या दर्जाचं मानलं जायचं आणि पगारही कमी होता. एकाच मेसमध्ये जेवणाऱ्या दोन हिंदी अधिकाऱ्यांमध्ये असा फरक करून ठेवला होता.

१९३९ मध्ये दुसरं महायुद्ध सुरू झालं तेव्हा अख्ख्या हिंदी सैन्यात सुमारे चारशे हिंदी लढाऊ अधिकारी होते. गोरे अधिकारी त्यांच्या जवळपास दहापट. भोसले त्या चारशेंमधले, आणि त्यातही सँडहर्स्टच्या सुरुवातीच्या पिढीतले.

सिंगापूर, फेब्रुवारी १९४२

युद्धात जपानने मलायावर हल्ला केला तेव्हा भोसले तिकडच्या आघाडीवर होते. हुद्दा लेफ्टनंट कर्नल. १५ फेब्रुवारी १९४२ ला सिंगापूर पडलं. दोन दिवसांनी तिथल्या फेरर पार्क मैदानावर हजारो हिंदी युद्धकैद्यांना जमवण्यात आलं आणि इंग्रज अधिकाऱ्याने त्यांना जपान्यांच्या ताब्यात दिलं. गोरे सैनिक आधीच वेगळे काढले होते.

जपान्यांनी या कैद्यांपुढे एक पर्याय ठेवला. कॅप्टन मोहन सिंग यांच्या नेतृत्वाखाली आझाद हिंद सेनेत या आणि हिंदुस्थानच्या स्वातंत्र्यासाठी इंग्रजांशी लढा.

इथे आधीचे सगळे निवडीचे नियम एकदम उलटेपालटे झाले. मोहन सिंग साधे शिपाई म्हणून फौजेत भरती झाले होते. शिपायांसाठीच्या जागांमधून ते डेहराडूनच्या अकादमीत गेले आणि १९३५ मध्ये अधिकारी झाले. भोसले सँडहर्स्टचे, सात वर्षांनी ज्येष्ठ आणि हुद्द्यानेही वरचे. जुन्या फौजेत मोहन सिंगांनी भोसल्यांना कडक सॅल्यूट ठोकला असता. नव्या सेनेत मोहन सिंग जनरल झाले आणि भोसले त्यांच्या हाताखाली एका तुकडीचे प्रमुख.

त्या फौजेने आणखी एक गोष्ट केली. ज्या सुभेदार-जमादारांना जुन्या फौजेत आयुष्यभर वर जाता आलं नसतं, त्यातल्या अनेकांना अधिकाऱ्याचा हुद्दा दिला.

आता प्रश्न असा की, भोसल्यांनी हा निर्णय का घेतला असेल? त्यांच्या मनात काय चाललं होतं याचा आज आपण फक्त अंदाज बांधू शकतो. पण पणाला काय लागलं होतं ते स्पष्ट दिसतं. देशातून वर्षाला दहाजणांना मिळणारी जागा मिळवून, चौदा वर्षं नोकरी करून कमावलेलं कमिशन. राजाशी इमान राखण्याची त्यासोबत घेतलेली शपथ. युद्ध इंग्रजांनी जिंकलं तर कोर्ट मार्शल आणि त्यात फाशीसुद्धा.

हाही मुद्दा सांगायला हवा की सगळे गेले नाहीत. हजारो हिंदी सैनिक आणि अधिकारी नकारावर ठाम राहिले. त्यातल्या अनेकांना जपान्यांनी न्यू गिनीसारख्या ठिकाणी मजुरीला पाठवलं, छळलं, मारलं. त्यांनी शपथ पाळली आणि त्याची किंमत मोजली. त्यामुळे आझाद हिंद सेनेत गेले ते तेवढे देशभक्त आणि बाकीचे इंग्रजधार्जिणे, इतकी सोपी ही गोष्ट नाही.

याचं एक उदाहरण मराठी माणसाला जवळचं आहे. कोल्हापूरकडचे शंकरराव थोरात हेही सँडहर्स्टचेच, भोसल्यांच्या दोन वर्षं आधी कमिशन मिळालेले. ते हिंदी सैन्यातच राहिले आणि १९४५ च्या सुरुवातीला ब्रह्मदेशात कांगॉच्या लढाईत जपान्यांविरुद्ध पलटणीचं नेतृत्व करून मोठं शौर्यपदक मिळवलं. स्वतंत्र भारतात ते लेफ्टनंट जनरल झाले. एकाच कॉलेजातून दोन वर्षांच्या अंतराने बाहेर पडलेले दोन मराठी अधिकारी एकाच युद्धात समोरासमोरच्या बाजूंना होते.

नेताजींच्या मंत्रिमंडळात कोकणी माणूस

१९४२ च्या शेवटी मोहन सिंगांचं जपान्यांशी फाटलं आणि त्यांना अटक झाली. सेना विस्कळीत झाली. ती पुन्हा बांधायची जबाबदारी ज्यांच्यावर आली त्यात भोसले प्रमुख होते. १९४३ मध्ये मिलिटरी ब्युरो उभा राहिला आणि भोसले त्याचे डायरेक्टर झाले. सुभाषबाबू सिंगापूरला पोहोचले जुलै १९४३ मध्ये. त्यांच्या हातात सोपवायला एक सेना शिल्लक होती, याचं बरंचसं श्रेय या मधल्या काही महिन्यांच्या कामाला जातं.

२१ ऑक्टोबर १९४३ रोजी सिंगापूरला आझाद हिंद सरकार स्थापन झालं. लष्कराचे प्रतिनिधी म्हणून जे अधिकारी त्या मंत्रिमंडळात होते, त्यात लेफ्टनंट कर्नल जगन्नाथराव भोसले हे नाव आहे. पुढे ते मेजर जनरल आणि सेनेचे चीफ ऑफ स्टाफ झाले.

आणि आता निवडीच्या नियमांची दुसरी बाजू बघा. आता देणारे हे होते, कमिशन आझाद हिंद सरकारच्या नावाने मिळणार होतं. सेनेची स्वतःची अधिकारी प्रशिक्षण शाळा होती. मलायातल्या रबराच्या मळ्यांवर काम करणारे तमिळ मजूर, दुकानदार, कारकून आणि त्यांची मुलं, ज्यांना इंग्रजांच्या हिशेबात लढाऊ म्हणून किंमत नव्हती, ते या सेनेत भरती झाले आणि त्यातून अधिकारीही तयार झाले. झाशीची राणी रेजिमेंट निघाली, कॅप्टन लक्ष्मी तिच्या प्रमुख होत्या. ४५ तरुण कॅडेट लष्करी आणि हवाई प्रशिक्षणासाठी थेट टोकियोला पाठवले गेले.

गंमत म्हणजे त्याच १९४३ मध्ये इंग्रजांनाही आपलं दार उघडावं लागलं. युद्ध वाढलं, अधिकारी कमी पडू लागले. घराणं आणि शिफारस बघत बसायला वेळ नव्हता आणि जुन्या मुलाखतींतून निवडलेले बरेचजण प्रशिक्षणात टिकत नव्हते. तेव्हा डेहराडूनला नव्या पद्धतीचं निवड मंडळ सुरू झालं. उमेदवारांना काही दिवस एकत्र ठेवायचं, मानसशास्त्रीय चाचण्या घ्यायच्या, मैदानावर गटाने कामं करायला लावायची आणि कोण कसा वागतो ते बघायचं. आज मुलं ज्या एसएसबीच्या नावाने रात्र रात्र जागतात, तिचं मूळ हे आहे.

म्हणजे एकमेकांशी लढणाऱ्या दोन फौजा एकाच वर्षी एकाच निष्कर्षाला आल्या होत्या. अधिकारी कुठल्याही घरात जन्माला येऊ शकतो.

लाल किल्ल्यातला खटला आणि न मिळालेली वर्दी

१९४४ मध्ये इंफाळ-कोहिमाची मोहीम फसली. त्या मोहिमेत सांगशाकला जपान्यांना अडवणाऱ्यांमध्ये मराठा लाइट इन्फन्ट्रीची एक पलटणही होती. भोसल्यांची जुनी रेजिमेंट आता समोरच्या बाजूला होती. ऑगस्ट १९४५ मध्ये जपानने शरणागती पत्करली, सुभाषबाबूंच्या विमान अपघाताची बातमी आली आणि आझाद हिंद सेनेचे अधिकारी पुन्हा एकदा इंग्रजांचे कैदी झाले.

नोव्हेंबर १९४५ मध्ये दिल्लीच्या लाल किल्ल्यात शाहनवाज खान, प्रेम सहगल आणि गुरुबक्ष सिंग धिल्लन यांच्यावर खटला सुरू झाला. बचावाला भुलाभाई देसाई उभे होते. आरोप राजाविरुद्ध युद्ध पुकारल्याचा होता. देसाईंची मांडणी अशी की, आझाद हिंद सरकार हे रीतसर सरकार होतं, त्याने रीतसर युद्ध पुकारलं होतं, आणि स्वतःच्या देशाच्या स्वातंत्र्यासाठी लढणाऱ्या माणसाला परक्या राजाशी केलेल्या इमानाच्या नावाखाली गुन्हेगार ठरवता येत नाही. कमिशन म्हणजे नेमकं कुणाशी केलेला करार, हाच त्या खटल्याचा गाभा होता.

कोर्टाने तिघांना दोषी धरलं. जन्मठेपेची, म्हणजे काळ्या पाण्याची शिक्षा झाली. पण देश पेटला होता. जानेवारी १९४६ मध्ये सरसेनापती ऑकिनलेक यांनी ती शिक्षा माफ केली. बडतर्फी मात्र कायम ठेवली. तुरुंगात जायचं नाही, पण फौजेत परत यायचं नाही.

स्वातंत्र्य मिळाल्यावर तरी हे बदलेल असं वाटलं असेल. नाही बदललं. आझाद हिंद सेनेत गेलेल्यांना स्वतंत्र भारताच्या सैन्यात परत घेतलं गेलं नाही. सैन्य चालवणारे अधिकारी तेच होते जे युद्धात इंग्रजांच्या बाजूने राहिले होते. शपथ मोडलेल्यांना परत घेतलं तर शिस्तीचं काय, हा त्यांचा प्रश्न होता. त्यात तथ्य होतं. पण ज्या देशासाठी शपथ मोडली, त्याच देशाच्या फौजेत आपल्याला जागा नाही, हे त्या माणसांना किती लागलं असेल, याचीही कल्पना करता येते.

भोसले तेव्हा चाळिशीत होते. सँडहर्स्टचं शिक्षण, मोठ्या सेनेची उभारणी केल्याचा अनुभव आणि हातात वर्दी नाही.

शेवटचं काम, ज्यात निवडच नव्हती

ते राजकारणात आले. १९५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत काँग्रेसकडून रत्नागिरी जिल्ह्यातून लोकसभेवर निवडून गेले. सिंधुदुर्ग जिल्हा तेव्हा नव्हता, तो १९८१ मध्ये झाला. सावंतवाडी संस्थान विलीन होऊन रत्नागिरीत आलं होतं. नेहरूंच्या सरकारात भोसले पुनर्वसन खात्याचे उपमंत्री झाले. लाल किल्ल्यात ज्यांच्यावर खटला चालला ते शाहनवाज खानही त्याच सरकारात रेल्वेचे उपमंत्री होते. फौजेने जे दार बंद केलं होतं, त्याच्या शेजारचं दार मतदारांनी उघडलं.

पुनर्वसन खातं म्हणजे फाळणीत घरदार सोडून आलेल्या लाखो माणसांचं खातं. दिल्लीतल्या छावण्यांमध्ये वाढणारी मुलं भोसल्यांनी जवळून बघितली. त्यातली कितीतरी अनाथ, कितीतरी हिंसा डोळ्यांनी पाहिलेली. १९५४ मध्ये दिल्लीच्या कस्तुरबा निकेतन या निर्वासित वसाहतीतल्या मुलांपासून त्यांनी एक प्रयोग सुरू केला. कवायत, व्यायाम, एकत्र गाणी, देशाची ओळख, रोजची शिस्त. प्रयोग जमला, इतर शाळांनी मागणी केली आणि त्यातून नॅशनल डिसिप्लिन स्कीम, म्हणजे राष्ट्रीय शिस्त योजना देशभर पसरली. प्रशिक्षकांना वेगळं शिक्षण दिलं जाऊ लागलं. मंत्रिपद गेल्यावरही भोसल्यांनी हे काम सोडलं नाही.

एनसीसी १९४८ पासून होतीच, पण तिच्यात मुलं निवडून घेतली जायची. भोसल्यांच्या योजनेत निवड नव्हती. वर्गातलं प्रत्येक मूल मैदानावर यायचं. देशातून दहाजणांना निवडणाऱ्या चाळणीतून वर आलेल्या माणसाने शेवटी असं काम उभं केलं, ज्याला चाळणीच नव्हती. शिस्तीच्या नावाखाली लहान मुलांना लष्करी कवायत कशाला, असं तेव्हाही काहींना वाटायचं आणि तो वाद आजही संपलेला नाही. पण छावणीतल्या अनाथ पोराला रोज सकाळी कुणीतरी नावाने हाक मारतं, रांगेत त्याची जागा ठरलेली असते, ही गोष्ट छोटी नव्हती.

१९६३ मध्ये भोसल्यांचं निधन झालं. दोन वर्षांनी त्यांची योजना शारीरिक शिक्षणाच्या नव्या राष्ट्रीय कार्यक्रमात विलीन झाली आणि हळूहळू तिचं नाव मागे पडलं.

आज नियम काय आहेत?

आता आजच्या काळात येऊ. खडकवासल्याच्या एनडीएत जायचं असेल तर यूपीएससीची लेखी परीक्षा ९०० गुणांची, एसएसबीची मुलाखत ९०० गुणांची, मग वैद्यकीय तपासणी आणि गुणवत्ता यादी. वय साडेसोळा ते साडेएकोणीस. शिक्षण बारावी. प्रशिक्षणाचा खर्च सरकारचा. तीन वर्षं एनडीए, मग लष्करात जाणाऱ्यांसाठी एक वर्ष डेहराडूनची अकादमी आणि त्यानंतर कमिशन, जे आता राष्ट्रपती देतात. बापाने सरकारची काय सेवा केली, हे विचारून गुण मिळत नाहीत.

एक दार बराच काळ बंद राहिलं. सुप्रीम कोर्टाच्या २०२१ मधल्या आदेशानंतर एनडीए मुलींसाठी उघडली आणि मे २०२५ मध्ये १७ मुलींची पहिली तुकडी तिथून बाहेर पडली. झाशीची राणी रेजिमेंट त्याच्या ८२ वर्षं आधी उभी राहिली होती.

भोसले जिथे शिकले ती डेहराडूनची शाळाही अजून चालू आहे. आता तिचं नाव राष्ट्रीय इंडियन मिलिटरी कॉलेज. आठवीत प्रवेश मिळतो, परीक्षा वर्षातून दोनदा होते, इंग्रजी, गणित आणि सामान्य ज्ञानाचे पेपर असतात, मग तोंडी परीक्षा आणि वैद्यकीय तपासणी. महाराष्ट्रातल्या मुलांची परीक्षा पुण्याची राज्य परीक्षा परिषद घेते. जुलै २०२२ पासून तिथे मुलींनाही प्रवेश आहे.

म्हणजे तिरोड्यातली किंवा मालवणातली सातवीतली एखादी मुलगी आज हा फॉर्म भरू शकते. ओळखीत असं कुणी मूल असेल तर त्याच्या आईवडिलांना ही माहिती जरूर पाठवा. वयाची अट साडेअकरा ते तेरा वर्षांची आहे आणि बहुतेक घरांना ती कळते तेव्हा मूल नववीत गेलेलं असतं.